पुस्तकाचे पैसे वाचकांकडून आधी कसे जमवायचे, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला कसे द्यायचे

मराठीत एखादा कवितासंग्रह किंवा मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं म्हटलं की लोक दोनच रस्ते सांगतात. एकतर प्रकाशकाच्या मागे लागा आणि वाट बघत बसा, नाहीतर स्वतःच्या खिशातून छापा आणि उरलेले गठ्ठे घरात ठेवून द्या. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, चित्रकाराला थोडंफार मिळतं, मुद्रितशोधन करणाऱ्याला "बघू नंतर" ऐकायला मिळतं आणि लेखकाला तर पैशांचं विचारायलाच लाज वाटते. तिसरा रस्ता आहे, ज्यांना पुस्तक हवंय त्यांच्याकडूनच आधी पैसे घ्यायचे आणि त्यातून सगळ्यांची कामं, लेखकाचं सुद्धा, पूर्ण पैसे देऊन करून घ्यायची. ते नेमकं कसं करायचं ते इथे लिहितेय. उदाहरण पुस्तकाचं घेतलंय कारण त्याचा हिशोब मांडायला सोपा, पण गाण्यांचा अल्बम, छोटी डॉक्युमेंटरी, एकांकिका, पॉडकास्ट कशालाही हेच लागू पडतं.

आणि कुणी म्हणालं की ही परदेशी फॅडं आहेत तर त्यांना सांगा की आपल्याकडे हे फार जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायचं ठरवलं तेव्हा कुणी राजा-महाराजा शोधत बसले नाहीत, चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, गावोगावी वर्गणीदार जमवले आणि 1920 च्या दशकात 23 खंड पूर्ण करून दाखवले. 1970 च्या दशकात ग्रंथालीने वाचकांनाच सभासद करून घेतलं, सभासदाने आधी वर्गणी भरायची आणि पुस्तकं कमी किमतीत घ्यायची, ती वाचक चळवळ म्हणूनच ओळखली गेली आणि 'बलुतं' सारखं पुस्तक 1978 मध्ये तिथून आलं. सिनेमात बघायचं तर 1976 चा 'मंथन', गुजरातमधल्या दूध सोसायट्यांच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले, 10 लाख झाले, श्याम बेनेगलांनी पिक्चर काढला (पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि स्मिता पाटील आहेतच) आणि मग तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला आले. हे शेवटचं नीट लक्षात घ्या, पैसे देणाराच प्रेक्षक झाला, म्हणजे पैसे जमवता जमवताच प्रेक्षकही जमला.

प्रकाशनपूर्व सवलत ही तर अजूनही चालते, दिवाळीच्या आधी कितीतरी प्रकाशक खंडांचे संच तसेच विकतात. मग आपण वेगळं काय करायचं? सवलतीच्या योजनेत पैसे छपाईला जातात आणि माणसांचं काय ते नंतर ठरतं. आपण माणसांचे पैसे आधी बजेटमध्ये लिहायचे. बाकी सगळं यावरच उभं आहे.

आधी हिशोब, मग घोषणा

लोक उत्साहात पोस्ट टाकून मोकळे होतात, "पुस्तक काढतोय, मदत करा", आणि किती लागणार विचारलं की गडबडतात. तसं करू नका. एक शीट उघडा आणि त्यात खर्च लिहा. समजा 160 पानांचं पुस्तक आहे, आत थोडी चित्रं आहेत, 500 प्रती काढायच्यात. आकडे मी उदाहरणासाठी घेतेय, तुमच्या गावातल्या प्रेसचं कोटेशन घेऊन तुमचे टाका.

लेखक 30,000. हो, सगळ्यात वर लेखक. चित्रं आणि मुखपृष्ठ 25,000. मांडणी 12,000. मुद्रितशोधन 8,000. छपाई आणि बांधणी एका प्रतीला 110 धरून 55,000. हे झाले 1,30,000. मग टपाल आणि पॅकिंग, एका पार्सलला 60 धरले आणि साडेतीनशेच्या आसपास पार्सलं जाणार असतील तर 21,000. आणि वर 15,000 न ठरलेल्या गोष्टींसाठी, कारण कागदाचे भाव बदलतात, चार पार्सलं परत येतात, एखादा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं) पुन्हा छापावा लागतो. एकूण 1,66,000.

आता हे कुठून येणार. साधी प्रत टपालासकट 350 रुपये, अशा 300 लोकांनी घेतल्या तर 1,05,000. दोन प्रती आणि पुस्तकात नाव, 1,000 रुपये, असे 40 जण, 40,000. दोन प्रती, नाव, आणि लेखक-चित्रकाराबरोबर एक तासाच्या ऑनलाइन गप्पा, 3,000 रुपये, असे 7 जण, 21,000. बेरीज करा, बरोबर 1,66,000 होतात. पार्सलं 347, त्यात 394 प्रती गेल्या, 106 हातात उरल्या, आणि त्या उरल्या तेव्हा सगळ्यांचे पैसे देऊन झालेले आहेत. नेहमीच्या पद्धतीत काय होतं ते शेजारी मांडून बघा, 300 रुपये किंमत, 10 टक्के रॉयल्टी, आणि समजा 500 च्या 500 प्रती खपल्या तरी लेखकाला 15,000, ते पण खपल्यावर. चित्रकाराचा तर त्यात वाटाच नसतो.

347 माणसं मिळणं सोपं नाही हे मला माहीत आहे. पण ही संख्या समोर असली की खरा प्रश्न विचारता येतो, आपल्याला असे किती लोक माहीत आहेत जे हे पुस्तक खरंच विकत घेतील? नावं लिहा. नुसते फॉलोअर मोजू नका, नावं लिहा. शंभर नावं सुद्धा निघत नसतील तर प्रती कमी करा, 200 काढा, डिजिटल छपाई करा, एका प्रतीचा खर्च वाढेल पण एकूण आकडा आवाक्यात येईल. लेखक आणि चित्रकाराचे पैसे कापून आकडा आवाक्यात आणायचा नाही, कारण मग हे सगळं करण्यात अर्थच राहत नाही. पानं कमी करा, रंगीत ऐवजी एकरंगी करा, बांधणी साधी करा, माणसांना हात लावू नका.

भेटवस्तूंबद्दल पण एक सांगते. वरच्या रकमेला टीशर्ट, मग, बॅग असलं काही ठेवू नका, त्यांचा खर्च, पॅकिंग आणि वजन सगळं तुमच्या डोक्यावर येतं आणि पुस्तक बाजूला राहतं. पुस्तकात नाव, सही केलेली प्रत, कच्च्या चित्रांची पीडीएफ, गप्पा, याला पैसे लागत नाहीत आणि लोकांना हेच आवडतं.

जमले तरच छापू, नाहीतर परत

हा नियम पहिल्या दिवशीच जाहीर करा. तारीख ठरवा, 30 ते 45 दिवस पुरतात, त्याहून लांबवलं की लोकांना वाटतं अजून वेळ आहे. त्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम झाली तर काम पुढे, नाही झाली तर प्रत्येकाचे पैसे परत. 2009 मध्ये सुरू झालेली किकस्टार्टर ही लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची अमेरिकन वेबसाइट याच तत्त्वावर चालते, पण भारतात राहून तिथे थेट प्रोजेक्ट लावता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मराठी पुस्तकाला त्याची गरजही नाही. आपला वाचक यूपीआय वापरतो आणि व्हॉट्सॲपवर आहे.

परत करण्यासाठी सोय आधीपासून हवी, म्हणून वेगळं बँक खातं उघडा. पगार येतो त्या खात्यात हे पैसे घेऊ नका, कितीही ओळखीचे लोक असले तरी. वेगळ्या खात्याचा फायदा असा की कधीही स्टेटमेंट काढलं की हिशोब समोर, आणि कुणी विचारलं तर दाखवता येतं. पैसे घ्यायला साधा क्यूआर कोड पुरतो, त्यावर कमिशन जात नाही, पण मग कुणी किती दिले, पत्ता काय, हे सगळं हाताने जुळवत बसावं लागतं. पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) पेज केलं तर साधारण 2 टक्के आणि त्या फीवर जीएसटी जातो पण नाव-पत्ता-फोन-पैसे एकाच यादीत येतात आणि रिफंड एका बटणावर होतो. शंभरच्या आत लोक असतील तर क्यूआर आणि गुगल फॉर्म, वर गेले तर गेटवे, असं माझं मत आहे. क्यूआर वापरणार असाल तर फॉर्ममध्ये व्यवहाराचा नंबर नक्की मागा, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, एकाच आडनावाच्या पाच जणांनी 350 पाठवले की कोण कुठला ते कळत नाही.

मागायचं कसं

आपल्याकडे पैसे मागताना माणसं एकतर फार अजिजीने बोलतात किंवा भाषेवर उपकार करा म्हणतात. "मराठी वाचवा" म्हणून कुणी 350 रुपये देत नाही, आणि दिले तरी दुसऱ्यांदा देत नाही. पुस्तक काय आहे, कुणी केलंय, पैसे कुठे जाणार आणि कधी मिळणार, एवढं सरळ सांगा. मेसेज असा असू द्या:

"नमस्कार ताई, मी आणि माझी चित्रकार मैत्रीण कोकणातल्या पाणथळ जागांवर मुलांसाठी पुस्तक करतोय, 160 पानं, 40 चित्रं. 500 प्रती काढायला 1,66,000 लागणार आहेत, त्यातले 75,000 लेखन, चित्रं, मांडणी, मुद्रितशोधन करणाऱ्यांचे आणि बाकीचे छपाई-टपालाचे, पूर्ण हिशोब सोबत जोडलाय. 15 तारखेपर्यंत पूर्ण रक्कम जमली तर पुस्तक चार महिन्यांत तुमच्या घरी येईल, नाही जमली तर पैसे आठवड्याभरात परत. एक प्रत टपालासकट 350. दोन पानं वाचायला पाठवतेय, आवडली तर घ्या."

हा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही. एकेकाला, नावाने, पाठवायचा. मामाला लिहिताना मामा, सरांना लिहिताना सर, कॉलेजच्या मित्राला अरे-तुरे. वेळ खूप जातो पण ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला पन्नास अंगठे येतात आणि ऑर्डरी दोन. आणि "आवडली तर घ्या" हे मनापासून असू द्या, नाही म्हणणाऱ्याला परत परत टोचू नका, त्याच माणसाने पुढच्या वेळी तुमचा मेसेज आपल्या बहिणीला पाठवावा असं वागा.

पहिल्या आठवड्यात ओळखीचे लोक येतात, मग मध्ये सगळं थंड पडतं. त्या मधल्या दिवसांसाठी काहीतरी दाखवायला राखून ठेवा, एखादं चित्र कच्चं ते पक्कं कसं झालं, एखाद्या प्रकरणाचं वाचन, एखाद्या शाळेत मुलांनी काय विचारलं. गावातलं वाचनालय, शाळा, बालभवन यांना भेटा, ते पाच-दहा प्रती एकदम घेतात आणि शिक्षकांनी एकदा मनावर घेतलं की पालकांपर्यंत पोचतं. अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या, दुबईतल्या महाराष्ट्र मंडळांना लिहायला हरकत नाही, तिथल्या मराठी शाळांना मुलांची पुस्तकं खरंच हवी असतात, पण टपाल प्रचंड महाग पडतं, म्हणून त्यांच्यासाठी "पैसे तिथून, प्रत इथल्या आई-वडिलांच्या पत्त्यावर किंवा एखाद्या जिल्हा परिषद शाळेला भेट" असा पर्याय ठेवा. परदेशी खात्यातून पैसे येणार असतील तर ते पुस्तकाच्या विक्रीचे आहेत असं बिलावर स्पष्ट लिहा, देणगी म्हणून घेऊ नका, देणगीचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

कुणाला किती, ते कागदावर

खाली जे लिहितेय ते बहुतेक जण टाळतात आणि मैत्री तुटते ती इथेच. पैसे यायच्या आधी, म्हणजे घोषणेच्या आधी, सगळ्यांनी बसून दोन पानांचा करार करा. वकिली भाषा लागत नाही, साध्या मराठीत लिहा, सगळ्यांनी सह्या करा, प्रत्येकाकडे एक प्रत.

त्यात काय हवं? प्रत्येकाचं काम नेमकं काय, "चित्रं" असं नाही, "आत 40 एकरंगी, मुखपृष्ठ एक, प्रत्येकात दोन दुरुस्त्यांपर्यंत". पैसे किती आणि कधी, माझ्या मते तीन भाग चांगले, एक तृतीयांश काम सुरू करताना, एक तृतीयांश कच्चं काम दिल्यावर, उरलेले फाइल प्रेसला जायच्या आधी. प्रेसला गेल्यावर नाही, आधी. प्रेसवाल्याला ॲडव्हान्स दिल्याशिवाय तो कागद आणत नाही हे सगळ्यांना मान्य असतं, मग चित्रकारानेच का थांबायचं? काम मध्येच रद्द झालं तर तोवर झालेल्या कामाचे पैसे द्यायचे हेही लिहा. पैसेच जमले नाहीत तर ज्याने नमुन्याची चित्रं काढली त्याला काय, हे तर नक्कीच लिहा, कारण ती चित्रं दाखवूनच तुम्ही पैसे मागितलेले असतात. त्या नमुन्याच्या चित्रांचे थोडे पैसे सुरुवातीलाच खिशातून द्या.

मग उरलेल्या प्रतींचं. आपल्या उदाहरणात 106 उरल्या, त्या थेट 300 ला विकल्या तर 31,800 येतील, दुकानातून 40 टक्के कमिशनवर विकल्या तर 19,080. हे पैसे कुणाचे? आधी ठरवलं नसेल तर जो विकतो त्याला वाटतं माझे. समजा लेखक 50, चित्रकार 25, पुढच्या पुस्तकाचा निधी 25 टक्के असं ठरलं, तर तसं लिहा, आणि दुसरी आवृत्ती निघाली तरी तेच की वेगळं हेही लिहा. मांडणी करणारे आणि मुद्रितशोधक यांनी एकरकमी घ्यायचं ठरवलं असेल तर ठीक, पण त्यांना विचारून ठरवा.

आणि हक्क. इथे कायदा थोडा माहीत असायला हवा. लेखकाने लिहिलं की कॉपीराइट त्याचा, नोंदणी करायची गरज नाही. पण पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा पेंटिंग काढून घेतलं, तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे उलट करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा होतो. म्हणजे तुम्ही काही लिहिलंच नाही तर चित्रकाराच्या चित्रांवर तुमचा हक्क सांगितला जाऊ शकतो आणि तिला ते माहीतही नसतं. म्हणून सरळ लिहा की चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराचाच, आणि या पुस्तकात, जाहिरातीत आणि ईबुकमध्ये वापरायची परवानगी दिली आहे. उद्या कुणी त्याच चित्रांचं कॅलेंडर काढलं तर पैसे तिला.

कुणी प्रकाशक नंतर आला आणि म्हणाला आम्ही काढतो, हक्क द्या, तर कलम 19 वाचून बसा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच चालतं, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर 5 वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतंच धरतात. "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, जगभर" अशी ओळ दिसली की थांबा, ऑडिओबुक आणि वेबसिरीजचे हक्क वेगळे ठेवा. गाणी करणाऱ्यांसाठी तर 2012 ची दुरुस्ती फार महत्त्वाची आहे, सिनेमातल्या गाण्याचे गीतकार आणि संगीतकार थिएटरात सिनेमाबरोबर गाणं वाजतं ते सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीचा आपला हक्क निर्मात्याला लिहून देऊच शकत नाहीत, दिला तरी तो टिकत नाही, म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. मराठीतल्या कितीतरी गीतकारांनी हे केलेलं नसतं.

आगाऊ पैसे कुणाकडून घेताय ते बघा

आगाऊ पैसे घेणं कलावंतांना नवीन नाही. तमाशात उचल असते. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात, आणि त्याच्या कितीतरी आधी फडमालकाने सावकाराकडून व्याजाने पैसे काढून कलावंतांना उचल दिलेली असते. म्हणजे काम व्हायच्या आधीच पैसे मिळतात खरे, पण ते कर्ज असतं. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे जत्राच बंद राहिल्या, सुपाऱ्या गेल्या, पण व्याज थांबलं नाही, फडच्या फड कर्जात बुडाले. धोका पूर्ण कलावंताच्या अंगावर येतो तो असा. म्हणून पुस्तकासाठी, नाटकासाठी व्याजाने पैसे घेऊ नका, सोनं ठेवू नका, क्रेडिट कार्डवर प्रेसचं बिल भरू नका. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे आधी दिले तर धोका वाटला जातो, तीनशे जणांनी साडेतीनशेचा धोका घेतला तर तो कुणालाच जड होत नाही.

हौशी आणि प्रायोगिक नाटकवाल्यांनी हे जरूर करावं. व्यावसायिक रंगभूमीवर नटांना नाईट मिळते, प्रयोग झाला की पाकीट, पण तालमींचे पैसे प्रायोगिकवाले धरतच नाहीत. दहा प्रयोगांचे पास आधी विकून त्यातून तालमीचा हॉल, चहा-नाश्ता आणि प्रत्येकाच्या तालमीचे दिवसाला ठरलेले पैसे काढता येतात. रक्कम लहान असेल, पण बॅकस्टेजच्या मुलाला शेवटच्या लोकलचा खर्च स्वतः करायला लागू नये.

दरमहाचा रस्ता, आणि अनुदानं

पुस्तक एकदाच निघतं पण पॉडकास्ट, वेबकॉमिक, यूट्यूब चॅनल सतत चालतात, त्यांना दरमहा थोडे पैसे देणारे सभासद हवेत. पेट्रिऑन 2013 पासून तेच करते, पण आपल्याकडच्या कार्डांवर आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम ऑक्टोबर 2021 पासून कडक झाल्यावर परदेशी साइटवर दरमहाचे पैसे अडकू लागले. महिन्याला 100 रुपये मागण्यापेक्षा वर्षाचे 1,000 एकदम मागा, मराठी माणसाला मासिकाची वार्षिक वर्गणी भरायची सवय आहेच आणि तुमचाही दर महिन्याचा पाठपुरावा वाचतो. यूट्यूबच्या मेंबरशिपमधले 70 टक्के तुम्हाला मिळतात, मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीतले 55, पण मराठी प्रेक्षकावर जाहिरातीचा दर कमी पडतो, त्यामुळे जाहिरातीवर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. सभासदांना जास्तीचं काही देण्याच्या नादात दुप्पट काम अंगावर घेऊ नका, जे करताय तेच दोन दिवस आधी द्या, बास.

सरकारी बाजूला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिलं पुस्तक असेल तर अर्ज जरूर करा. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना आणि संशोधनाला अनुदान देते आणि प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येतो, मराठीत लिहा, संकोच करू नका. फक्त एक, अनुदान मिळेल असं धरून वाचकांना तारीख देऊ नका.

कर आणि कायदा, थोडक्यात पण टाळू नका

वाचकांकडून प्रतीचे पैसे घेतले ते तुमचं उत्पन्न, खर्च वजा करून उरलेल्यावर कर. पण "मदत" म्हणून नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात 50,000 च्या वर आले तर ती पूर्ण रक्कम करपात्र होते, त्यात खर्च वजा करता येत नाही. म्हणून प्रत्येकाला बिल द्या, त्यावर "पुस्तकाची आगाऊ नोंदणी" लिहा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. चित्रकार, मांडणीवाले यांना पैसे बँकेतूनच द्या म्हणजे खर्च दाखवता येतो. कुणालाही "पैसे गुंतवा, नफ्यात वाटा देऊ" असं जाहीरपणे म्हणू नका, लोकांकडून परताव्याचं आश्वासन देऊन पैसे गोळा करण्याला वेगळाच कायदा आहे, 2019 मध्ये अनियंत्रित ठेवींवर बंदी आली आहे, चांगल्या मनाने केलं तरी अडकाल. पुस्तक देतो, तिकीट देतो, एवढंच आश्वासन. रक्कम पाच-सहा लाखांच्या घरात जाणार असेल तर सुरुवातीलाच सीएकडे एक तास बसा, त्याची फी पण बजेटमध्ये धरा.

पैसे जमले, आता

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेसेज, किती जमले, किती लोक, पुढची तारीख काय. त्याच दिवशी लेखक, चित्रकार, मांडणीवाले यांचा पहिला हप्ता ट्रान्सफर करा. मग दर महिन्याला एक अपडेट, काम उशिरा चाललं असेल तर तसंच सांगा, "प्रकरण सहा परत लिहिते आहे, तीन आठवडे उशीर होईल" असं कळलं की लोक समजून घेतात, गप्प बसलात की फोन सुरू होतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या साइटवर अर्ज करायचा, एजंटला पैसे देऊ नका, मात्र वेळ लागतो म्हणून लवकर करा. पहिली छापील प्रत हातात आल्यावर ती पान न् पान उलटून बघा, फॉर्म उलटे लागलेले असतात, शाई पुसट असते, आणि 500 प्रती बांधून झाल्यावर प्रेसवाला ऐकत नाही. पार्सलचं वजन पॅकिंगसकट करून पोस्टात जाऊन दर विचारून घ्या, दर बदलत असतात, आणि पावसाळ्यात पाठवत असाल तर आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच. पत्त्यात पिनकोड आणि फोन नसलेली नावं आधीच वेगळी काढून त्यांना विचारा. आणि हो, पुस्तक प्रकाशित झालं की कायद्याने प्रती पाठवायच्या असतात, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना, स्वतः प्रकाशक झालात तर ते तुमच्यावरच येतं, म्हणजे 106 मधून चार प्रती आधीच बाजूला ठेवा.

सगळी पार्सलं पोचली की पूर्ण हिशोब वाचकांना पाठवा. जमा किती, कुणाला किती दिले (कामाप्रमाणे लिहा, ज्यांची परवानगी असेल त्यांची नावं), छपाई किती, टपाल किती, उरले किती. 15,000 पैकी 6,000 उरले असतील तर ते कुठे जाणार तेही लिहा, करारात पुढच्या पुस्तकाचा निधी असेल तर त्यात टाका. त्याच मेसेजमध्ये विचारा की पुढच्या कामाच्या वेळी तुम्हाला कळवलेलं चालेल का, आणि जे हो म्हणतील त्यांचीच नावं यादीत ठेवा, बाकीच्यांचे नंबर काढून टाका.